सुरक्षेचे नियम वैमानिकाला ऐकताक्षणी कळले पाहिजेत

विमानाच्या सुरक्षेसाठी ठरवलेली कार्यपद्धती ऐन वेळी वैमानिकालाच उमगली नाही, तर खापर बहुतेकदा त्याच्याच माथी फुटते. माझे मत याच्या उलट आहे. जी सूचना रेडिओवर, हातात दुसरे काम असताना, एकदाच ऐकायची असते, तिचा एकच अर्थ निघेल अशी काळजी घेणे हे ती सूचना ठरवणाऱ्यांचे काम आहे, आणि ते काम अपुरे राहिले आहे.

या विषयात मन गुंतण्याचे कारण घरचेच आहे. आपल्या खानदेशात शिरपूर, धुळे आणि जळगाव या तिन्ही ठिकाणी वैमानिक घडले आहेत, आणि माझी पुतणी त्यांपैकीच एका ठिकाणी शिकली. लांबच्या उड्डाणाच्या दिवशी तिच्या मांडीवरच्या पॅडला लावलेल्या कागदावर मार्ग, वेळा आणि फ्रिक्वेन्सी यांच्याही वर दोन क्रमांक चौकटीत लिहिलेले असत. एक उड्डाण माहिती केंद्राने दिलेला आणि दुसरा हवाई दलाकडून मिळालेल्या हवाई संरक्षण परवानगीचा, ज्याला ही मुले नुसते ‘एडीसी’ म्हणतात. "काका, हे दोन नंबर नसले तर इंजिन सुरू करायचा प्रश्नच येत नाही," असे ती सांगे. हे क्रमांक मिळवण्याची रीत तिला तोंडपाठ होती. मात्र हवेत असताना कोणी संशयाने ओळख विचारली, तर काय बोलावे आणि काय मुळीच बोलू नये, हे तिने वरच्या वर्गातल्या मुलांकडून ऐकून गोळा केले होते. ही गोष्ट मला तेव्हाही खटकली होती आणि आजही खटकते.

मुळात विमानाचा रेडिओ खुला असतो. एक वैमानिक बोलतो ते त्या फ्रिक्वेन्सीवरची सगळी विमाने ऐकतात, आणि अपहरण झालेलेच असेल तर कॉकपिटमध्ये शिरलेला अपहरणकर्ताही ऐकतो. म्हणून ट्रान्सपॉन्डरचे, म्हणजे विमानाची ओळख रडारला आपोआप कळवणाऱ्या यंत्राचे, आकडे ठरले आहेत: ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ निकामी, ७७०० म्हणजे आणीबाणी. आकडा लावला की तो जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या पडद्यावर उमटतो आणि कोणाला एक शब्दही बोलावा लागत नाही. इथपर्यंत सारे सोपे आहे. पुढे नियंत्रकाला खात्री करायची असते, तीही उघडपणे न विचारता, आणि घोळ होतो तो या टप्प्यावर.

११ सप्टेंबर २००१ रोजी सोलहून अँकरेजकडे निघालेल्या कोरियन एअरच्या ८५ क्रमांकाच्या विमानाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. अमेरिकेत त्या दिवशी काय घडले हे कळल्यानंतर वैमानिकांनी पाठवलेल्या एका लेखी संदेशात ‘एचजेके’ ही अपहरणासाठी वापरली जाणारी अक्षरे आली. त्यावरून शंका निर्माण झाली, नियंत्रकांनी सांकेतिक भाषेत विचारणा केली, आणि वैमानिकांना तो प्रश्न न वाटता आदेश वाटल्याने त्यांनी खरोखरच ७५०० लावला. लढाऊ विमाने पाठीशी लागली, वेळ पडल्यास विमान पाडण्याचीही तयारी झाली, आणि अखेरीस ते कॅनडातील व्हाइटहॉर्सला उतरवण्यात आले. विमानात अपहरणकर्ता नव्हताच. वैमानिकांनी जे ऐकले त्याचे प्रामाणिकपणे पालन केले, आणि ज्या पद्धतीत आज्ञाधारक वैमानिकाचे विमान पाडले जाऊ शकते ती पद्धत सदोषच म्हटली पाहिजे.

आपल्याकडची उदाहरणे वेगळी असली तरी त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबईहून लंडनला जाणाऱ्या भारतीय विमानाचा जर्मनीवर रेडिओ संपर्क तुटला आणि कोलोनजवळ जर्मन लढाऊ विमाने त्याच्या शेजारी येऊन उडू लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या विमान कंपन्यांना बॉम्बच्या खोट्या धमक्यांची रीघ लागली, आणि मदुराईहून निघालेल्या एका विमानाला सिंगापूरच्या लढाऊ विमानांनी सोबत केली.

२१ मे २०२५ ची घटना मात्र थोडी थांबून पाहावी अशी आहे. दिल्लीहून श्रीनगरला निघालेले विमान पठाणकोटच्या परिसरात गारपिटीत सापडले. वैमानिकांनी डावीकडे, म्हणजे सीमेच्या बाजूला, वळण्याची परवानगी हवाई दलाच्या नियंत्रण कक्षाकडे मागितली, ती मिळाली नाही. लाहोरकडे विचारणा केली, तिथूनही नकार आला. मागे फिरण्याचा विचार झाला, पण ढग अगदी जवळ आला होता, म्हणून विमान त्यातूनच काढावे लागले आणि ते नाकाचा भाग फुटलेल्या अवस्थेत सुखरूप उतरले. दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना हवाई हद्द बंद केलेली असताना हवाई दलाने नकार दिला, याबद्दल माझी तक्रार नाही. पण सीमेलगतच्या मार्गावर वळवाचे वादळ येणार हे काही अनपेक्षित नव्हते. सुरक्षेसाठी एक दार बंद ठेवायचे असेल, तर वैमानिकाने कोणते दार ठोठवायचे, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आणि किती अंतर आधी, हे उड्डाणापूर्वीच त्याच्या हाती लेखी असायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

विमानतळांवर अपहरणाच्या रंगीत तालमी होतात, त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. त्यांत बंदूकधारी जवान दिसतात, रुग्णवाहिका दिसते. त्या जरूर व्हाव्यात. पण खरा प्रसंग ओढवतो तेव्हा पहिली काही मिनिटे कॉकपिट आणि नियंत्रण कक्ष यांच्यातल्या दोन-चार वाक्यांवर निभतात, आणि सरावात सर्वाधिक वेळ त्या वाक्यांना दिला पाहिजे. वैमानिक, नागरी नियंत्रक आणि हवाई दलाचे नियंत्रक यांनी एकत्र बसून तो करावा. खात्रीचा प्रश्न असा असावा की तो चुकून आदेश समजला गेला तरी विमानाला धोका होऊ नये. पुण्यासारख्या हवाई दलाच्या तळावर उतरणाऱ्या आणि जळगावसारख्या नागरी विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकाला एकच वाक्यरचना ऐकू यावी. आणि हे सारे प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमात लेखी स्वरूपात यावे, कारण उद्याच्या मोठ्या विमानांचे वैमानिक आज तिथेच शिकत आहेत.

या मागणीचे पत्र मी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला पाठवणार आहे. शिरपूर, धुळे आणि जळगाव येथे शिकलेल्या किंवा शिकत असलेल्या मुलामुलींच्या पालकांपैकी ज्यांना त्यावर सही करायची असेल, त्यांनी मला मेसेंजरवर कळवावे, मी मसुदा पाठवीन. नियंत्रण कक्षात काम केलेल्या कोणी तो वाचून दुरुस्त्या सुचवल्या, तर पत्र पाठवण्यापूर्वी त्या त्यात घेईन.