टाचणी

साडेनऊला माझी मीटिंग होती आणि नऊ वीसला मुलीनं आतून हाक मारली, "बाबा, नेट गेलं." आमच्याकडे नेट जातं ते नेहमी माझं. आलं की मग सगळ्यांचं.

मी फोन बघितला. वायफायच्या रेघा काठोकाठ भरलेल्या. "आहे की!" मी ओरडलो. खरं म्हणजे त्या रेघा फोनचं राऊटरशी कसं जमतंय एवढंच सांगतात, राऊटरचं बाहेर कुणाशी बोलणं होतंय का हा विषय त्यांचा नाही. मला हे माहीत होतं. पण घाईत माणूस रेघांवर विश्वास ठेवतो.

राऊटरवरचे दिवे हिरवे असतात तेव्हा त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आज 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल होऊन लुकलुकत होता. म्हटलं, करतोय बिचारा काहीतरी प्रयत्न. एलओएस म्हणजे 'लॉस ऑफ सिग्नल', तारेतून प्रकाश पोचतच नाही. बिचारा घसा फोडून तेच सांगत होता. पुढचे दोन तास मी त्याच्याखेरीज सगळ्यांचं ऐकलं.

आधी बंद करून चालू केला. अर्धा मिनिट थांबायचं असतं, आतल्या कपॅसिटरमधली उरलीसुरली वीज संपू द्यायची असते. मी चार सेकंद थांबलो. हिनं डोळे वटारल्यावर पुन्हा बंद केला आणि पुरता अर्धा मिनिट थांबलो. तिसऱ्यांदा केलं ते निव्वळ हाताला चाळा म्हणून.

मीटिंग फोनच्या हॉटस्पॉटवर कशीबशी उरकली आणि कस्टमर केअरला फोन लावला. रेकॉर्ड केलेल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आपली तक्रार आमच्या ॲपवर सहज नोंदवा." फोनच्या डेटावर ॲप उघडलं. पहिलाच प्रश्न, 'राऊटर रीस्टार्ट केलात का?' मी 'हो' दाबलं. उत्तर आलं, 'कृपया पुन्हा एकदा करा.' चौथ्यांदा केला तेव्हा कुठे तक्रार नोंदली गेली.

माणूस येईपर्यंत गप्प बसवेना. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं आणि पान धाडकन उघडलं! "आलं, आलं!" मी सगळ्यांना गोळा केलं. मुलगी म्हणाली, "बाबा, हे पान राऊटरच्या आतच असतं." असे काही पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेत, १९९६ सालच्या नियमानं, आणि लाखो घरांतल्या राऊटरचा पत्ता अगदी हाच आहे. म्हणजे मी स्वतःच्याच दाराची बेल वाजवून पाहुणे आले म्हणून नाचत होतो.

आणि मग मला ते भोक दिसलं. राऊटरच्या पाठीवर, टाचणीच्या टोकाएवढं, शेजारी 'रीसेट'. दाबायचं नसतं तर ठेवलं कशाला? हिच्या शिवणाच्या डब्यातून टाचणी काढली आणि दहा सेकंद दाबून धरली. सगळे दिवे विझले, एकेक करत परत लागले. लाल होता तो लालच. फरक एवढाच, की आता घरातल्या एकाही फोनला आमचं वायफाय सापडेना. वायफायचं नाव, पासवर्ड, कंपनीनं दिलेला युजर आयडी, सगळं पुसून राऊटर जन्मला तेव्हा होता तसा निरागस झाला होता.

"आता तर रेघापण गेल्या," मुलगी म्हणाली.

दुपारी कंपनीचा मुलगा आला. तार काढून प्रकाश मोजायच्या मीटरला लावली. उणे ३१. "काका, उणे सत्तावीसच्या खाली गेलं की राऊटरला काही दिसत नाही." त्यानं पेनासारखी एक बॅटरी तारेला जोडली आणि खोलीतला दिवा घालवायला सांगितला. पुस्तकांच्या कपाटामागे भिंतीलगत एक लाल ठिपका चमकत होता.

"कपाट कुणी हलवलं?"

काल रात्री, मागे दोन बोटं फट दिसते म्हणून, मीच खांदा लावून आत रेटलं होतं. तारेच्या आत काचेचा धागा असतो. तो काटकोनात दाबला की प्रकाश वळणावरच सांडतो. आम्ही दोघांनी कपाट ओढलं, त्यानं तार सैल केली. उणे १९. बारा डेसिबलचा फरक, म्हणजे जवळजवळ सोळापट प्रकाश. लाल दिवा विझला. एका मिनिटाचं काम.

पण इंटरनेटचा दिवा काही लागेना.

"काका, रीसेट केलंय का कुणी?"

"रात्री लाइट गेले होते," मी म्हणालो.

"लाइट गेल्यानं युजर आयडी पुसला जात नाही, काका."

ही माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं ऑफिसला फोन लावला, माहिती मागवली, सगळं नव्यानं भरलं. पाऊण तास गेला. मी मधूनमधून पाणी हवंय का विचारत होतो.

निघताना त्यानं राऊटरशेजारची टाचणी उचलली आणि माझ्यासमोर धरली. "ही कुणाची?"

"माझी," ही म्हणाली. टाचणी डब्यात टाकली, झाकण घट्ट लावलं आणि स्टूल घेऊन डबा त्याच कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला.