पळायची परवानगी

पोलीस भरतीची पोरं आमच्या गावात पहाटे चारलाच रस्त्यावर असतात. १६०० मीटरची तयारी म्हणून वेशीपासून जिनिंगच्या फाट्यापर्यंत पळतात. माझं कृषी केंद्र. दिवसभर खुर्ची, आणि युरियाची पोती उचलायला माणूस ठेवलेला. या पोरांसोबत आपणही पळावं, असं मी जेवताना बोलून गेलो. बायकोचा भाकरी थापता हात थांबला.

"काही पळा-बिळाचं नाई. आदी तपासून घ्या. पन्नाशीत पळते म्हणे!"

आशाताईंना निरोप गेला. त्या फॉर्म आणि टेप घेऊनच आल्या. तिशीच्या वरच्या सगळ्यांचाच हा फॉर्म भरायचा असतो म्हणे, मीच आजवर सापडलो नव्हतो. वय, तंबाखू, कंबर, हालचाल, घराण्यात बीपी-शुगर, प्रत्येकाला गुण. बेरीज चारच्या वर गेली की आधी तपासणी. हे सगळं खोलीत विचारलं असतं तर माझी हरकत नव्हती. पण आमच्याकडे सरकारी कागद ओट्यावरच भरतात.

"तंबाखू?"

"कधीमधी."

"कधीमधी?" शेजारचे काका तिकडून ओरडले. "सकाळचा खर्रा माह्यासंगच घोटते ना तो! लिव्हा, रोज!"

वय आणि खर्रा, एवढ्यातच माझे चार ओलांडले. पुढचं सगळं बोनस. कंबरेला टेप लागला. पुरुषाला नव्वद सेंटिमीटरपर्यंत माफी आहे.

"श्वास सोडा, भाऊ."

"सोडलाच आहे."

"मंग पोट काहून आत गेलं?"

टेप १०२ वर थांबला. आकडा मोठ्यानं वाचायची गरज नव्हती, पण काकांना चष्म्याशिवाय दिसत नाही.

उपकेंद्रातल्या मॅडम तरुण, आणि हसण्याच्या बाबतीत फार कंजूष. चक्कर येते का, धडधड होते का, आडवं पडल्यावर दम लागतो का, घोट्यावर सूज येते का, चालताना पोटरी धरते का. मी सगळ्याला नाही म्हणत गेलो.

"छातीत दुखतं? भरून येतं?"

"येतं ना. उधारी मागायला गेलो की."

"चालताना, चढताना येतं का ते सांगा."

नाही, म्हटलं.

मग बीपी. अर्धा तास आधी चहा नको, खर्रा नको. पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात छातीच्या उंचीवर. मी गप्पच होतो. पण रांगेतली निम्मी माणसं माझी गिऱ्हाइकं.

"भौ, बोंडअळीवर काय मारू?"

दंडाला पट्टा आवळत होता आणि तिकडून दुसरा विचारत होता, मागच्या वेळचं औषध पातळ होतं का म्हणून. १४८/९४. मॅडमनी सगळ्यांना बाहेर काढलं, पुन्हा शांत बसवलं. १३८/८८. १४०/९० ची रेष मी रांगेमुळे ओलांडली होती, असं माझं स्पष्ट मत आहे. मॅडमचं मत, एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरत नाही, परत या. बोटाला सुई टोचून शुगरही पाहिली. तिनं मात्र लाज राखली.

"मग पळू?"

"चाला. त्याला परवानगी लागत नाही. त्रास काही नाही, जुना आजार नाही, तर आजपासून चाला. पळणं मागून, हळूहळू."

हे शहाणपण मोठ्यांनाही उशिराच सुचलं म्हणायचं. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या तिथल्या क्रीडावैद्यकाच्या संस्थेनं २०१५ मध्ये व्यायामाआधीच्या तपासणीचे आपले नियम बदलले. वय, पोट, तंबाखू यांची नुसती बेरीज करून माणसाला डॉक्टरकडे धाडायचं त्यांनी सोडलं. तो सध्या किती हालतो, आजार किंवा लक्षणं आहेत का आणि किती जोर करणार आहे, एवढं पाहायचं ठरवलं. बरं केलं. नाहीतर आमचा अर्धा गाव तपासणीच्या धाकानं खाटेवरून उठलाच नसता.

"आठवड्याला १५० मिनिटं," मॅडम म्हणाल्या. "बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढ्या वेगानं."

बोलण्याची सोय गावानं केली. आमच्याकडे ज्याच्याजवळ गाडी आहे तो पायी दिसला, म्हणजे गाडीचं काहीतरी झालं. फाट्याच्या रस्त्याला लागलो नाही तोच एक जण थांबला.

"काहून भौ, गाडी बिघडली? बसा, सोडून देतो."

व्यायाम करतोय, म्हटलं. तो मला वरपासून खालपर्यंत पाहून निघून गेला. दुसऱ्याला तेच सांगितलं, तर त्यानं घरी सगळं बरं आहे ना, असं विचारलं. तिसऱ्याला मी सरळ सांगून टाकलं, हो, प्लग गेला.

तो खाली उतरला, डिकीतून पाना काढला आणि विचारू लागला, गाडी कुठं उभी आहे.