सख्खी बहीण, चुलत बहीण आणि माझी ‘अर्धवट माहिती’: ‘जुना माळी’ यांना उत्तर

नमस्कार ‘जुना माळी’,

पोंटेडेरिया या उथळ पाण्यातल्या फुलझाडावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, ‘हौसेपोटी, अर्धवट माहितीवर लिहिलेला लेख. हे झाड म्हणजे जलपर्णीची सख्खी बहीण. ते गच्चीवर लावा असं सांगणं बेजबाबदारपणाचं आहे.’ त्यापुढे फूल किती टिकतं, कुंडीवर पाणी किती, डासांचं काय आणि जादा झालेले कंद कुठे टाकता, असे चार बारके मुद्दे आणि ‘परदेशी झाड’ हा टोमणा. विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून वाचलं. घरी येऊन पुन्हा वाचलं. लगेच उत्तर लिहिलं नाही, हे बरंच झालं.

आधी तुमचं खरं असलेलं सांगून टाकतो. ‘फूल आठ-दहा दिवस टिकतं’ असं मी लिहिलं होतं, ते चूक. टिकतो तो तुरा. त्यातलं एकेक फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ‘अर्धवट माहिती’.

माझं आजोळ वसईचं. घरामागे वाडी आणि वाडीत बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं पाण्याचं लहान तळं, हे तुम्हाला ठाऊक असेलच, ‘जुने’ आहात. केळीला, भाजीला, सगळ्याला त्याचंच पाणी. त्यात एका पावसाळ्यात कुठून तरी जलपर्णी आली. मामा छातीभर पाण्यात उतरून ती ओढायचा आणि आम्ही पोरं काठावर ढीग लावायचो. तिच्या मुळ्या ओल्या केसांच्या गुंत्यासारख्या हाताला लागायच्या. फुगीर देठांवर पाय दिला की फटाफट वाजायचे, आम्हाला त्याचीच मजा. पंधरा दिवसांनी बघावं तर पाणी पुन्हा दिसेनासं झालेलं. तेव्हा जलपर्णी म्हणजे काय हे मला कोणाच्या प्रतिक्रियेतून शिकायची गरज नाही. अंगाला खाज सुटेपर्यंत शिकलोय.

राहिली बहीण. दोघी एका कुळातल्या, हे मान्य. इतकंच काय, २०१८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी जलपर्णीला तिच्या जुन्या आयकॉर्निया प्रजातीतून (म्हणजे जीनसमधून) काढून पोंटेडेरियातच आणून बसवलं. म्हणजे कागदोपत्री तुमचं ‘सख्खी’ खरंच ठरतं. हे मी लेखात लिहिलं नव्हतं, पण न लिहिणं म्हणजे माहीत नसणं नव्हे. आणि मग वांगं, बटाटा, टोमॅटो हेही तिघे एकाच सोलॅनम प्रजातीतले आहेत. काटेरिंगणीसुद्धा त्यांच्यातलीच. म्हणून कोणी भरल्या वांग्यांऐवजी भरल्या काटेरिंगण्या करत नाही! नातं सांगून झालं की स्वभावही सांगावा लागतो.

तो असा. जलपर्णी तरंगते. देठात हवा भरलेली, खाली माती असो नसो, वारा नेईल तिकडे जाते. पोंटेडेरियाला पाय रोवायला चिखल लागतो. ती काठावरची, उथळ पाण्यातली. गड्डा मातीत सरकत पुढे जातो, तोही सावकाश. फुलं जवळून बघा. जलपर्णीच्या वरच्या पाकळीवर एक मोठा पिवळा डोळा असतो, हिच्या पाकळीवर पिवळे दोन ठिपके. एवढं पाहिलं असतंत तर ‘सख्खी’ लिहिताना जरा थांबला असतात.

दक्षिण आफ्रिकेत पोंटेडेरिया उपद्रवी झाडांच्या यादीत आहे. हे तुम्ही लिहिलं नाहीत, मीच सांगतो, उगाच लपवलं असं व्हायला नको. पण ती तिथे उघड्यावरच्या पाण्यात सुटली. माझी चौदा इंची टबात आहे, टब साडेपाचशे लिटरच्या सिमेंटच्या टाकीत आहे आणि टाकी बोरिवलीत चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत आहे. तिथून उतरून ती पवई तलावाकडे निघेल, असं तुम्हाला वाटत असेल तर माझ्याकडे उत्तर नाही.

मुद्दा चुकला तर चुकला, माणूस चुकतो. पण ‘बेजबाबदार’? चार वर्षं सोसायटीच्या सभेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून बोलणी खाल्ली, तरी टाकी ठेवली. पालिकेचे डास तपासायला येणारे लोक दरवेळी टॉर्च मारून बघतात आणि काही न बोलता जातात. आणि तुम्ही, स्वतःचं नावही न लिहिता, मला जबाबदारी शिकवणार. असो.

बाकीचं पटकन. पाणी: कुंडीतल्या मातीवर दोन ते चार इंच, लेखात हेच आहे, नीट वाचा. डास: टाकीत गप्पी मासे आहेत. आपल्या हवेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, गप्पी त्याला तेवढी सवड देत नाहीत. ‘परदेशी झाड’ म्हणताना घोलवडच्या चिकूचीही आठवण ठेवा, तोही अमेरिका खंडातलाच. कंद: दर मे महिन्यात टब उपसतो, गड्डा सुरीने कापतो आणि मागेल त्याला देतो. दहिसरपासून डोंबिवलीपर्यंत तीसेक घरांत गेला असेल. त्यांनी पुढे काय केलं, पावसात कोणाचं पाणी कुठल्या नाल्याला गेलं, याची वही मी ठेवत नाही. तुम्हाला ठेवायची असेल तर खुशाल ठेवा.

लेखाच्या शेवटी मी म्हटलं होतं की पहिली प्रतिक्रिया देणाऱ्याला एक रोप देईन. पहिली प्रतिक्रिया तुमचीच निघाली, आता काय करणार! रोप वेगळं काढून ठेवलंय. रविवारी दहानंतर या. कुंडी तुमची आणा.