हरित कॅम्पसला एक सायकल पुरते

तुमच्या कॉलेजला कॅम्पसमधला धूर कमी करायचाय? मग आधी एक सायकल बघा. विकत आणू नका, पैसे वाया जातील. स्टाफमध्ये एखादा खुळा असतोच, बेळगावातल्या वडगावहून सायकल हाणत येऊन स्टाफरूमच्या पंख्याखाली घाम पुसत बसणारा. आमच्याकडं तो खुळा मी आहे. तेव्हा पुढचा सगळा सल्ला स्वतः सोसलेला आहे, डोळे झाकून घ्या.

सायकल कशाला, असं विचारत असाल तर तुम्ही नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फायली भरलेल्या दिसत नाहीत. सातव्या निकषात हरित परिसराचा मुद्दा आहे. गाड्यांना मर्यादित प्रवेश, सायकली आणि बॅटरीवरची वाहनं, पायी चालणाऱ्यांसाठी वाटा, प्लास्टिकबंदी, झाडं आणि हिरवळ. पाच गोष्टी, आणि प्रत्येकीला पुरावा. आमच्याकडं पुरावा म्हणजे फोटो, तोही खाली जागा, तारीख, वेळ उमटलेला.

पहिलं काम, गाड्या कमी करायला स्टिकर सुरू करा. फॉर्मात गाडी नंबर, आरसी, पीयूसी, लायसन असे रकाने ठेवा. गेल्या मंगळवारी सकाळी मला गेटवर वॉचमननं अडवलं.

"सर, स्टिकर कुठाय?"

"अरे, सायकल आहे ही."

"तेच म्हणतोय. सायकलीला स्टिकर न्हाई. बिनस्टिकरची गाडी आत सोडायची न्हाई म्हणून सांगितलंय. माझी नोकरी घालवतासा काय?"

माझ्या मागून आमचेच एक सहकारी कार घेऊन आले. घर मागच्याच गल्लीत. इंजिन तापायच्या आत त्यांचा प्रवास संपतो, आणि थंड इंजिन जास्त घाण सोडतं हे ते स्वतः वर्गात शिकवतात. काचेवर स्टिकर होता. गेले आत. मी सायकल बाहेर चहाच्या टपरीला टेकवली आणि चालत गेलो. पायी चालणाऱ्यांची वाट हीच असावी.

अकराच्या सुमाराला शिपाई आला. "सर, सायकल द्या की जरा. मोठ्या सरांनी मागितलीया. फोटोवाला आलाय."

तीच सायकल, त्याच गेटातून, त्याच वॉचमननं सलाम ठोकून आत घेतली. मग जो सोहळा झाला तो नीट समजून घ्या, तुमच्याही कामी येईल. चौदा जणांचे फोटो निघाले, सायकल एकच. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, म्हणजे दोन सायकली झाल्या. एकदा लायब्ररीसमोर, एकदा गुलमोहराखाली (गुलमोहर दोन होते, एक पार्किंगच्या शेडला गेला). अकाउंट्सचे सर कोट घालून बसले. ज्यांचा गुडघा बदललाय ते कॅरियरवर बसले आणि पुढं जिमखान्याचे सर. कुणीतरी हँडलला तारेनं 'माझा कॅम्पस, हरित कॅम्पस' असा फलक आवळला. माझ्या पोरीनं घंटीला बांधलेली लाल रिबन प्रत्येक फोटोत दिसतेय. फोटोआधी ती काढून ठेवा, एवढीच सूचना.

संध्याकाळी सायकल हातात आली तेव्हा मागचं चाक बसलेलं आणि मडगार्ड टायरला घासत होतं. ढकलत दुसऱ्या रेल्वे गेटापर्यंत नेली. पंक्चरवाला चाकाकडं बघून म्हणाला, "मास्तर, हिच्यावर नेमकी किती माणसं बसल्ती?"

असो. बाकीचे सल्ले पटापट सांगतो.

दुसऱ्या गेटवर फाटक पडलं की इंजिन बंद करू नका. रेल्वे गेल्यावर आपणच आधी सुटायला हवं.

पीयूसी वर्षातून एकदा काढा आणि धूर वर्षभर सोडा.

बेळगावची केए २२ असो की कोल्हापूरची एमएच ०९, हॉर्न एकाच मराठीत वाजवा. सीमाप्रश्न इथं तरी सुटलेला आहे.

बंदी घालायचीच तर ती पोरांच्या मोटारसायकलींवर घाला. ती पोरं गाड्या कंपाउंडबाहेर रस्त्यावर लावतील. धूर भिंतीपलीकडचा, म्हणजे महापालिकेचा.

हरित दिनाला पाहुणा बोलवा, आणि तो गाड्यांच्या ताफ्यासह आला पाहिजे. आमचे पाहुणे १९२४ च्या काँग्रेसच्या बेळगाव अधिवेशनावर, गांधीजींच्या साधेपणावर पाऊण तास बोलले. छान बोलले. तेवढा वेळ त्यांचा ड्रायव्हर एसी लावून गाडीत झोपला होता, इंजिन चालू. गाडीखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि कॉलेजचं कुत्रं ते चाटत होतं. पाणी तरी वाया गेलं नाही.

आणि शेवटचं, महत्त्वाचं. बसचं नाव काढू नका.

पोरं गाड्या का घेऊन येतात, हे चुकूनही विचारू नका. येळ्ळूरची, उचगावची, कुद्रेमानीची, खानापूरकडची पोरं शौक म्हणून मोटारसायकल उडवतात असंच धरून चाला. माझ्या वर्गात एक पोरगा आहे. सकाळी फाट्यावर उभा राहायचा. पहिली बस भरून यायची आणि न थांबता जायची. दुसरी थांबली तर पायरीवर एक पाय ठेवायला जागा. पास खिशात, पैसे भरलेले, आणि पोरगं रस्त्यावर. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला. फार चांगलं झालं. ज्या पोरींना घरातनं बारावीनंतर 'बास आता' म्हटलं असतं त्या आज माझ्या वर्गात बसतात. पण माणसं वाढली तर गाड्या वाढवायला नकोत? त्या फाट्यावर सकाळची बस होती तेवढीच आहे. पोरगा तीनदा पहिल्या तासाला उशिरा आला. आम्ही काय केलं? हजेरी कापली. चौथ्या आठवड्यात त्याच्या बापानं डेअरीच्या दुधाच्या पैशावर हप्ता बांधून गाडी घेतली. आता त्याच गाडीवर तिघं येतात, आणि गेटवर आम्ही त्यांना पर्यावरण शिकवतो.

हिशेब अवघड नाही, नॅकच्या फायलीपेक्षा सोपा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, डिझेलचा २.७ किलो. लिटरचं वजन किलोभरही नाही, मग एवढा कुठून, असं पोरं विचारतात. हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो म्हणून. आठ किलोमीटरवरचं गाव धरा, येऊन-जाऊन सोळा. मोटारसायकलीला लिटरचा तिसरा हिस्सा लागतो, म्हणजे रोजचा पाऊण किलो. बस लिटरला पाचेक किलोमीटर देते. तिला सव्वातीन लिटर लागलं, त्यात पन्नास पोरं बसली, तर माणशी पावणेदोनशे ग्रॅम. चौथा हिस्सासुद्धा नाही. एक बस वेळेवर आली तर पार्किंगची शेड मोकळी पडेल, आणि गेलेल्या गुलमोहराच्या जागी दुसरा लावता येईल.

मोठे सर, हे माझ्यासारख्या सायकलवाल्याला कळतं ते तुम्हाला कळत नाही? तुम्हाला सगळं कळतं. फोटोवाल्याला बोलवायला दहा मिनिटं लागली, बससाठी डेपोला एक पत्र धाडायला दोन वर्षं लागतात. आधी म्हणालात, मराठीत लिहिलंय, कुणी वाचणार नाही. मग कन्नडच्या सरांकडून कन्नडात लिहून घेतलं तर म्हणालात, कमिटीपुढं ठेवू. कोणती कमिटी? चौदा माणसं सायकलीवर बसायला कमिटी लागली नाही. कॉलेजची वेळ अर्ध्या तासानं पुढं ढकलली तरी फाट्यावरची निम्मी रेटारेटी कमी होईल. त्याला कुणाची परवानगी नको, टाइमटेबल तुमच्याच टेबलावर बनतं. ते जमत नाही, आणि पोरांना बेशिस्त म्हणता! लाज वाटायला हवी आपल्याला. हो, मलाही. त्या पोराची हजेरी मीच कापली होती.

पत्र माझ्या बॅगेत आहे, कन्नडात टाइप केलेलं, कुठल्या फाट्यावर किती पोरं थांबतात ते खाली लिहून. उद्या सकाळी घेऊन येतो. वॉचमननं सायकल अडवली तर चालत येतो. सही करा.