कंबर ३२, लिहून घे

गेल्या महिन्यात अण्णांचे रिपोर्ट आले. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७७. साताऱ्यात चाळीस वर्षं टेलरिंगचं दुकान चालवलं, आता आई आणि ते आमच्याकडे पुण्यात असतात. उपाशीपोटीची साखर १०८. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, १८२. एचडीएल, म्हणजे ज्याला सगळे 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणतात ते, ३६. घरच्या मशीनवर बीपी १३६/८४. या प्रत्येक आकड्यावर कुणी ना कुणी एकच शब्द ऐकवला. बॉर्डरलाइन. लॅबमधली मुलगी, कोपऱ्यावरचा केमिस्ट, फोनवर आमचा चुलतभाऊ. अण्णा खूश. "बॉर्डरवर म्हणजे अजून आपल्याच हद्दीत आहे की," म्हणाले आणि चहात खारी बुडवली.

मला या शब्दाचा आता मनापासून राग येतो. एक आकडा काठावर असला तर समजू शकते. चार आकडे एकाच माणसाच्या अंगात एकाच वेळी काठावर आले, तर ती चार किरकोळ दुखणी नसतात, एकाच भानगडीची चार तोंडं असतात. त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मी डॉक्टर नाही, बँकेत कारकुनी केलेली बाई आहे, पण बेरीज येते. खुणा पाच आहेत: कंबर, साखर, बीपी, ट्रायग्लिसराइड, एचडीएल. साखर १०० किंवा वर, बीपी वरचं १३० किंवा खालचं ८५ गाठलेलं, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली. बीपीची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर आकडा चांगला आला तरी ती खूण धरायची. पाचातल्या तीन जुळल्या की झालं. मधुमेह आणि हृदयविकार यांच्या मोठमोठ्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र बसून हे ठरवलंय. अण्णांच्या चार जुळत होत्या, आणि पाचवी तर कुणी मोजलीच नव्हती.

म्हणून मी टेप काढली. त्यांचीच, पिवळी, पितळी टोकाची. म्हटलं उभे राहा.

"मोजायचं काय त्यात? कंबर ३२, लिहून घे. लग्नापासून ३२ आहे."

आणि खोटं नव्हतं ते. त्यांची पँट खरंच ३२ ची आहे. फक्त ती पॅंट आता कमरेला नसते, पोटाच्या खाली बांधलेली असते. वीस वर्षांत पोट पुढे येत गेलं आणि पट्टा खाली सरकत गेला, आकडा तोच राहिला. डॉक्टरी माप पट्ट्यावर घ्यायचं नसतंच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप आडवी धरायची, श्वास सहज सोडला की वाचायची. पोट आत ओढायचं नाही (अण्णांनी दोनदा ओढलं). माप आलं साडेसदतीस इंच, म्हणजे ९५ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी रेघ ९० ला आहे, साडेपस्तीस इंचाच्या जराशी अलीकडे. बायकांसाठी ८०, म्हणजे साडेएकतीस.

वजन किती? ६१ किलो. हातपाय काड्या. कुणीही बघितलं तर म्हणेल काटक म्हातारा आहे.

मग अण्णा जे बोलले त्यासाठी खरं तर ही पोस्ट लिहितेय. म्हणाले, "हे तर आमच्या वहीत सगळ्यांचंच आहे." मापाच्या वह्या अजून माळ्यावर आहेत, लाल पुठ्ठ्याच्या, लांबुळक्या. रविवारी आम्ही दोघं घेऊन बसलो. एकेक जुनं गिऱ्हाईक काढलं, नावं अर्थात सांगत नाही. एक शिक्षक, पस्तिशीपासून निवृत्तीनंतरपर्यंत इथेच कपडे शिवलेले. कंबर वाढत गेली ती अपेक्षितच होती. मी बघत राहिले ते मांडीचं माप. तेविसावरून साडेवीसवर आलेलं. दुसरं गिऱ्हाईक, तेच. तिसरं, तेच. अण्णा म्हणाले, "साठीनंतर गिऱ्हाइकाची कंबर सोडायची आणि मांडी आवळायची, हे आमचं ठरलेलं. म्हणून मागच्या शिवणीत मार्जिन ठेवायचं." टेलर लोकांना हे ठाऊक होतं. वजनकाट्याला मात्र कळत नाही, कारण मांडीतून गेलेलं पोटावर आलं तर काटा जागचा हलत नाही.

मांडी बारीक होणं ही दिसण्याची गोष्ट नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूंनी उचलायची असते, आणि शरीरातले सगळ्यांत मोठे स्नायू मांड्या आणि कुल्ल्यांचे. वय वाढतं तसे ते झिजतात, म्हणजे धान्य तेवढंच आणि कोठार लहान. दुसरीकडे पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये चरबी साठते. अशा शरीरात इन्सुलिन असतं, पण त्याला कुणी दाद देत नाही. मग स्वादुपिंड आणखी सोडतं, लिव्हर जादा चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात ढकलतं, एचडीएल खाली येतं, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, बीपी चढतं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये एका व्याख्यानात ही साखळी मांडली आणि तिला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं. गंमत म्हणजे पुढे याच रीव्हनना मेटाबॉलिक सिंड्रोम हे निदान म्हणून फारसं पटेना. तीन असले तर आजार आणि दोन असले तर नाही, हे कुठलं शास्त्र, असा आक्षेप बऱ्याच तज्ज्ञांनी घेतला. मला तो पटतो. पण निदान नावामुळे तरी कुणी पाच आकडे एका कागदावर लिहीत असेल, तर मला नाव चालेल.

आता काटक माणसाच्या पोटाची गोष्ट. याचा शोध आपल्या पुण्यातच लागलाय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ च्या आसपास. पण त्या बारक्या बाळांच्या अंगात चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. किडकिडीत पण चरबीदार. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो आला होता, याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. मी तो फोटो अण्णांना दाखवला. ते बराच वेळ दोघांच्या शर्टाचं फिटिंगच बघत होते.

अण्णांचा जन्म माण तालुक्यातला, १९४८ चा. माणदेशात त्या काळी बाळंतिणीला काय मिळत असेल ते वेगळं सांगायला नको. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडलीय, सुकडी खाल्लीय. पोटात असल्यापासून कमीची सवय लागलेल्या शरीराला साठीनंतर खुर्ची, टीव्ही आणि चार वेळा चहा मिळाला. आपल्याकडच्या आजच्या सत्तरीतल्या पिढीचा निम्मा हिशोब इथेच आहे, असं माझं मत आहे. 'तुम्ही जास्त खाता' असं त्यांना सुनावणारी चाळिशीतली मुलं बघितली की मला कसंतरी होतं.

आणि मशीन! अण्णांनी वीसेक वर्षं पायमशीन चालवलं. दिवसाचे आठ-दहा तास पोटऱ्या हलत्या. मग मशीनला मोटर बसवली. काम दुप्पट झालं, पाय थांबले. २०२२ मध्ये ह्यूस्टनच्या संशोधकांनी मोजक्या लोकांवर एक प्रयोग केला होता, खुर्चीत बसून तासन् तास टाच वर-खाली करायची, म्हणजे पोटरीतला एक खोलवरचा स्नायू चालत राहतो. जेवणानंतरची साखर बरीच खाली राहिली. प्रयोग छोटा आहे, त्यावर देव्हारा मांडायला नको. पण वाचलं तेव्हा मला अण्णांचं पायमशीनच दिसलं.

आईचं वेगळंच. तिचे कधी रिपोर्टच काढले नव्हते, कारण 'तिला काही नाही'. तिची कंबर मोजली तर ३६ इंच. वय ७२. आणि हे आजवर कुणालाच कसं कळलं नाही? परकराची नाडी. पॅंटवाल्याला निदान बटण लागत नाही एवढं तरी कळतं, नाडीला काही कळत नाही. ती तुमच्याबरोबर आयुष्यभर सैल होत राहते आणि चकार शब्द काढत नाही. पाळी गेली की बायकांची चरबी कुल्ल्यांवरून पोटाकडे सरकते, हे पुस्तकात आहे. पण साडी नेसणाऱ्या आपल्या आयांना स्वतःच्या कमरेचा आकडाच नसतो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा २०२३ चा देशभराचा मोठा अहवाल म्हणतो, वजनाने लठ्ठ २८.६ टक्के प्रौढ, पोटाने लठ्ठ ३९.५ टक्के. या दोन आकड्यांमधल्या फटीत माझे आईबाप दोघंही बसतात.

खाण्याबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर सगळेच लिहितात. आमच्याकडे तेल-तूप बंद करून सगळे निर्धास्त होते. ट्रायग्लिसराइड नुसत्या तुपाने नाही, भात, बिस्किट, साखर, गूळ यांनीही चढतं हे कुणाच्या गावी नव्हतं. दात गेले की म्हातारी माणसं 'पचायला हलकं' खायला लागतात. हलकं म्हणजे काय? मऊ भात, पेज, चहात बुडवलेली मारी, एकादशीला साबुदाणा. सगळं पिठूळ. उसळ चावत नाही म्हणून गेली, शेंगदाणे गेले, अंडं 'या वयात कशाला' म्हणून गेलं. स्नायू कशाने राहणार? आता मूग-मटकी कुकरला चांगली गाळ शिजवून, घट्ट वरण, दही, अण्णांना रोज एक अंडं. हे वाढवण्याआधी डॉक्टरांनी दोघांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची रक्ततपासणी, बघून घेतलं, तुम्हीही विचारून घ्या.

पण यात सगळ्यांत जास्त दोषी मी स्वतः आहे. "बसा तुम्ही, मी आणते." हे वाक्य मी दहा वर्षं दिवसातून वीस वेळा म्हटलंय. दूध मी आणणार, पाण्याचा तांब्या मी देणार, जिना चढू नका, पिशवी उचलू नका. लोक बघतात आणि म्हणतात, किती करते आईवडिलांचं. प्रत्येक वेळी त्यांच्या मांडीतला एक धागा मी उसवत होते. आता दूध अण्णा आणतात, भाजीची पिशवी दोघांत वाटून. दोन्ही जेवणांनंतर सोसायटीच्या पॅसेजमध्ये दहा मिनिटं चालणं. आणि खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पहिल्या दिवशी अण्णांना तीन वेळाही जमलं नाही. त्या दिवशी ते गप्प होते. साखरेचा आकडा बघून त्यांना काही वाटलं नव्हतं, खुर्चीने मात्र लागलं.

उलट टोकाचंही सांगते. आमच्या ओळखीतल्या एक आजी, पंचाहत्तरीच्या. नातवाने हौसेने त्यांना एकभुक्त राहायला लावलं. चार महिन्यांत आठ किलो उतरले, घरात पेढे वाटायचे बाकी होते. मग त्या बाथरूममध्ये पडल्या, उठता येईना. उतरलेल्या आठ किलोंत चरबी किती आणि पाय किती हे कुणी मोजलं नव्हतं. तरुणांचे नियम जसेच्या तसे सत्तरीला लावायचे नसतात. साखर आणि बीपीच्या गोळ्या हट्टाने वाढवत नेल्या तर साखर एकदम घसरते, उभं राहताना चक्कर येते, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं सगळंच बदलतं. आमच्या डॉक्टरांनी अण्णांचं बीपी बसून बघितलं, मग उभं करूनही बघितलं, तेव्हाच मला ते आवडले. त्यांनी साखरेची गोळी दिलीच नाही. पाय बघितले, चालायला लावलं, तीन महिन्यांनी या म्हणाले.

जाता जाता, टेप प्रत्येक घरात शिवणाच्या डब्यात पडलेली असते. आईचं माप घ्यायला लाजू नका, ती लाजेल तेवढं पुरे आहे.

मोटर काढून पायमशीनचा पट्टा परत चढवलाय. सोसायटीतल्या बायका साड्यांच्या फॉलसाठी येतात, अण्णा पैसे घेत नाहीत, पण फिटिंगवरून बोलणी देतात. काल महिना झाला म्हणून मी पुन्हा मापं घेतली. कंबर पाव इंचाने कमी, मांडी पाव इंचाने जास्त. मी आनंदाने वहीत लिहायला घेतलं तर अण्णांनी पेन काढून घेतलं.

"खोड ते. पाव इंच काही नसतं. टेप सैल धरली होतीस तू."