स्तंभालेख वहीतून आधी घरात येऊ द्या

लेकीचा सहावीचा गणिताचा पेपर हातात आला. स्तंभालेखाच्या, म्हणजे बार ग्राफच्या, प्रश्नात 50 च्या जागी 45 लिहिलेलं, चार मार्क गेलेले. मी विचारलं, 45 कुठून आले गं? तिने आलेखावर बोट ठेवलं. "हे बघ, 40 च्या वर पाच बारीक रेघा. म्हणून 45."

तिची मोजणी बरोबरच होती. फक्त प्रमाण 1 सेंटीमीटरला 20 होतं, म्हणजे एक बारीक रेघ 2 ची. ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं आणि मुलं ते आलेख काढताना उतरवून घेतात, वाचताना मात्र बघत नाहीत. आपण तरी कुठे बघायला लावतो? स्तंभांची रुंदी सारखी हवी, मधलं अंतर सारखं हवं, रंग बाहेर जाता कामा नये, सगळा जीव त्यातच. बाईंना दोष देत नाही, साठ पोरांच्या वर्गात एकेकाचं बोट कुठे अडलं ते त्या कधी बघणार! ते आपण घरी बघू शकतो.

मी लाईट बिलं काढली. मार्च 110 युनिट, एप्रिल 160, मे 90, जून 120. प्रमाण तूच ठरव म्हटलं. आधी 1 सेंटीमीटरला 10 घेतलं, तर एप्रिलचा स्तंभ 16 सेंटीमीटर झाला. मग 20 घेतलं आणि स्वतःच म्हणाली, "अगं, युनिट तेवढेच, पण दिसतात कमी!" हे मी दहा वेळा सांगून कळलं नसतं.

मग विचारलं, मे महिना एवढा बुटका का? भर उन्हाळा, पंखे दिवसरात्र. थोडा वेळ गप्प. मग, "आपण आजीकडे होतो ना!" माझ्या मते आलेख वाचणं ते हेच. सर्वात उंच स्तंभ कोणता, हे नुसत्या डोळ्यांनीही कळतं. का, हे आलेखात लिहिलेलंच नसतं.

स्तंभालेखाचा जनक मानल्या जाणाऱ्या विल्यम प्लेफेअरने 1786 साली स्कॉटलंडच्या व्यापाराचा स्तंभालेख छापला, तो त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते म्हणून. त्याच्या इतर आलेखांसारखी काळाची रेघ ओढता येईना, मग देशागणिक आडवे स्तंभ काढले. लेकीला हे फार आवडलं.

शेवटी एक गंमत केली. उभा अक्ष शून्याऐवजी 80 पासून सुरू केला, 1 सेंटीमीटरला 10 घेऊन. मे 1 सेंटीमीटर, एप्रिल 8! तिने पट्टी लावून दोनदा मोजलं. आठपट दिसतंय आणि खरं तर दुप्पटही नाही. "हे तर फसवणं झालं," म्हणाली. आता वर्तमानपत्रातला कुठलाही आलेख दिसला की तिचं बोट आधी खालच्या आकड्यावर जातं.

तुमच्याकडे पोरांनी कशाचे स्तंभ काढले? दुधाचे, पावसाचे, क्रिकेटच्या धावांचे? खरंच लिहा, पुढच्या रविवारी आम्हाला नवीन काहीतरी हवंय.