लाकडं, मडकं आणि सुतळी

माझे सासरे ठणठणीत आहेत. आधी हे सांगून टाकते, कारण गेला आठवडाभर फोनवर मी दुसरं काही बोललेलीच नाही.

झालं एवढंच की, ऑनलाइन एक वाळकी फांदी पाहिली. सुतळीने टांगलेली, तिला चार दिवे लोंबत होते. किंमत 2,899 रुपये. आणि इथे आमच्या रस्त्यावर फांद्यांचा ढीग फुकटात पडलेला. पावसाळ्याआधी तारांखालची झाडं छाटतात, ते ठीकच. पण छाटलेलं उचलायचं कोणी, हे पावसाळा संपेपर्यंत ठरत नाही. गाड्या वळसा घालून जातात, गायी त्यात बसतात. म्हटलं, आपणच थोडं उचलू.

नवतप्याचं ऊन. अंगात पांढरा सनकोट, तोंडाला पांढरा दुपट्टा. या दिवसांत नागपुरात गाडीवरची प्रत्येक बाई अशीच दिसते. स्कूटीवर मागे कडुनिंबाच्या फांद्यांची मोळी, पुढे सुतळीचं बंडल, आणि फांद्या उभ्या ठेवायला गोकुळपेठेतून घेतलेलं मडकं. पानठेल्याजवळ मोळी सुटली म्हणून थांबले, तर तिथले एक काका तोंडातला खर्रा थुंकून उभेच राहिले.

“कोन गेलं, बाई?”

“कोणी नाही. मी एकटीच चालले.”

“एकटीच? घरी मानूस नाही काय?”

“आहेत ना. मॅच पाहून राहिले.”

काकांनी पानठेलेवाल्याकडे पाहिलं. दोघांनी माना हलवल्या.

“कोनाची सून तू?”

मी भाबडेपणाने बाबांचं नाव सांगितलं. काकांनी टोपी काढली.

“अरेरे! परवाच तर दिसले होते फुटाळ्यावर. अंबाझरी घाट का मोक्षधाम?”

आत्ता माझी ट्यूब पेटली. स्कूटीकडे पाहिलं. लाकडं, मडकं, सुतळी, पांढरे कपडे. विस्तव तेवढा राहिला होता. “काका, हे शोसाठी आहे हो. भिंतीवर लावायचंय.”

“भिंतीवर,” काका हळूच पानठेलेवाल्याला म्हणाले, “धक्का बसला की मानूस असंच बोलते.” मग माझ्याकडे वळून, मोळीला बोट लावत, “हा निंब वल्ला आहे बाई, जळत नाही, नुसता धूर होते. आन् एवढ्यात काय होते? आठ मण लागते. त्यापेक्षा घाटावर मोक्षकाष्ठ घे. शेतातल्या काडीकचऱ्याचं असते, झाड तोडा लागत नाही.”

माहिती खरी होती, यातच तर वांधा आहे. पण आठ मणांचा हिशेब तोंडपाठ असलेल्या या गृहस्थाने सुटलेल्या चार फांद्या काही बांधून दिल्या नाहीत. मी उकिडवी बसून गाठ मारत होते आणि ते वरून विचारत होते, घरी मानूस नाही काय. राग मला त्याचा आहे. जिवंत माणसाला मारलं, ते एकवेळ चालेल.

बाकी काम सोपं. साल सोलायची, 80 नंबरच्या सँडपेपरने घासायचं, मग 220 ने, मग जवसाच्या तेलाचा हात. जवसाची चटणी खाऊन मोठी झालेली मी, ते तेल लाकडाला पाजताना जीव तुटत होता. एक फांदी आधीच घुणाने पोखरलेली निघाली. रोज सकाळी सोफ्यावर कणकेसारखा भुसा. ती काळ्या पिशवीत गच्च बांधून दोन दिवस स्लॅबवर ठेवली. आपल्याकडे ऊन तेवढं मुबलक, आतली कीड भाजून निघाली असावी. आरी, तेल, दिवे धरून 1,140 रुपये गेले. फुकटच्या फांदीला.

फांद्या आणल्या त्याच संध्याकाळी पहिला फोन आला होता, तेरवी कुठे ठेवली म्हणून. तो बाबांनीच उचलला. आधी भडकले. दुसऱ्या फोनला हसले. तिसऱ्यापासून त्यांनी जुन्या डायरीत नावं लिहायला घेतली. आतापर्यंत अकरा झालीत. ज्या मित्रासोबत तीस वर्षं ऑफिसात डबा खाल्ला, त्याचा अजून नाही. दिवसातून दोनदा मोबाईल सुरू आहे ना, विचारतात. फांदीखालच्या सोफ्यावर मात्र बसत नाहीत.